दोरीवरचे डबे

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला द्यायचे असतात म्हणून दिले. मनापासून द्यायचे की नाही, ते तुझं वागणं बघून ठरवीन.

अक्षर बघून दचकू नकोस. उजव्या हाताला पट्टी आहे, म्हणून डाव्याने लिहितोय. कागद सरकतो, त्यावर तुझ्या वहिनीने दाराचं कुलूप ठेवून दिलंय. पत्र लिहिणं माझ्या डाव्या हाताचा मळ आहे, असं तिला म्हणालो, तर हसली नाही. हल्ली ती माझ्या कुठल्याच विनोदाला हसत नाही.

आधी तू फोन उचलत नव्हतास, मग नंबरच बदललास. पत्ता दिवेमावशींकडून मिळाला. खाणीच्या दिवाघराच्या खिडकीत बसून टोपीवरचे दिवे वाटणाऱ्या बाईला तू कार्ड पाठवतोस, ‘पोचलो, बंदराजवळच्या वर्कशॉपात काम मिळालं’ म्हणून, आणि सख्ख्या भावाला एक ओळ नाही? कार्ड माझ्यापुढे धरताना बिचाऱ्या मावशींनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्राचं एक बरं असतं, ते मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू आधी वाचशील. मी तुला ओळखून आहे.

मी खाली माल वाहणाऱ्या पट्ट्यात सापडलो त्या दिवशी दवाखान्यात आपल्या पाळीतली सगळी माणसं येऊन गेली. ज्यांच्याशी माझं वर्षानुवर्षं बोलणं नाही, तेसुद्धा केळी घेऊन आले. तू आला नाहीस. दुसऱ्या दिवशी वहिनी तुझ्या खोलीवर गेली तर खोली रिकामी, पेटी नाही. ती म्हणाली, "भावजी घाबरले असतील." मी म्हणालो, घाबरायचं तर माझ्या उशाशी बसून घाबरायचं होतं.

आता मुद्द्याचं. कंपनीचा अहवाल आलाय. त्यात लिहिलंय की जखमी कामगाराने दोरी ओढलीच नाही, ओढली असती तर पट्टा थांबला असता. म्हणजे मी माझ्याच हाताने हे ओढवून घेतलं, असं त्यांचं म्हणणं. मी दोरी ओढली होती, धाकट्या. हे वाक्य मी त्या अहवालातून काढायला लावणार आहे. मग त्याला किती दिवस लागायचे ते लागोत.

आज एवढंच. हात दुखतोय. डावा. त्याला कामाची सवय नाही.

तुझा दादा


१९ मार्च

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे, मी थोडाच उत्तरावर अवलंबून आहे.

मागच्या पत्रात पट्टी आहे म्हणालो, ते खोटं नव्हतं. पट्टीच्या आत काय आहे, ते लिहिलं नव्हतं. कोपराच्या खाली काही नाही. लिहावं की नाही यावर मी आणि वहिनी दोन दिवस भांडलो. ती म्हणाली, तिकडे एकटे आहेत, आता कळवू नका. मी म्हणालो, एकटं त्याला मी नाही केलं. तर आता तुला कळलं. बस थोडा वेळ, पाणी पी, आणि पुढचं वाच.

तपासणी साहेब पुन्हा येणार आहेत. सरकारी माणूस आहे, कंपनीचा नाही. माझा जबाब घ्यायचा बाकी आहे आणि तो मी स्वतःच्या अक्षरात लिहून देणार आहे. सराव तुझ्यावर करतो. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तरी वाच. कुठे चुकलं तर कळव, त्या निमित्ताने तरी एक ओळ लिहिशील.

खाली आपल्या बोगद्यात माल वाहणारा पट्टा आहे. त्याच्या कडेने, छातीच्या उंचीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार बांधलेली आहे. तिला सगळे दोरी म्हणतात. पट्ट्यात कुणी सापडला तर तो जिथे असेल तिथून दोरी ओढायची. खटका पडतो, पट्टा थांबतो.

आणि खाली उंदीर आहेत. जमिनीवर ठेवलेला डबा ते उघडतात, भिंतीच्या जाळीला अडकवलेला डबाही गाठतात. दोरीवर मात्र येत नाहीत, कारण पट्टा चालू असला की ती सारखी थरथरत असते. ही युक्ती कुणाची, देव जाणे. मी कामाला लागलो तेव्हाही दोरीवर डबे होते. प्रत्येकाची जागा ठरलेली. सुरुवातीला मुकादमाचा, मग जुन्या लोकांचे, पुढे माझा आणि माझ्या शेजारी तुझा.

माणसं वाढली तसे डबे वाढले, आणि डब्यांच्या वजनाने खटका आपोआप पडायला लागला. पट्टा उगाच थांबायचा. प्रत्येक वेळी मुकादमाला वरून फोन यायचा. त्याचं नावच चलाचला, त्याला थांबणं कसं सोसणार? तो तुला म्हणाला, "फिटर, याचं काहीतरी कर." तू दोरी सैल केलीस. मग डबे कितीही लटकले तरी खटका पडेना. सगळे खूश. तुझी पाठ थोपटली. दोरी सैल करण्यापेक्षा डबेच उचलावेत, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी मी पट्टा जिथे वळतो त्या शेवटच्या ड्रमपाशी सांडलेला माल काढत होतो. तिथला पट्ट्याखालचा एक रोलर अडकून बसला होता. आठवडाभर किंचाळत होता, सांगूनही झालं होतं, पण रोलर बदलायचा तर पट्टा थांबवावा लागतो. अडकलेल्या रोलरपाशी माल साचतो, साचलेला माल काढायला माणूस वाकतो. मी वाकलो. फावडं खेचलं गेलं, फावड्यामागून बाही आणि बाहीमागून मी. डाव्या हाताने दोरी धरली आणि ओढली. दोरी आली. अजून ओढली, अजून आली. दुकानदाराने रिळावरून सुतळी काढावी तशी येतच राहिली. पट्टा चालूच. डबे मात्र धडाधड माझ्या अंगावर पडले. कुणाचं तरी उकडलेलं अंडं माझ्या छातीवर फुटलं. एवढ्या दुखण्यात मला वाटलं, अरे, याचं जेवण गेलं.

माझा जोडीदार पैलवान, आपला काडीपैलवान, पार त्या टोकाला धावत गेला आणि त्याने मुख्य बटण दाबलं. म्हणून मी आज हे लिहायला आहे. हा माझा जबाब.

आता तुझं. ऐकल्याबरोबर तुला सगळं एका क्षणात समजलं असणार. दोरी कुणी सैल केली, ती कुणाच्या हातात आली. म्हणून तू पळालास. तर नीट ऐक. दोरीसाठी मी तुझ्यावर चिडलेलो नाही. तू उशाशी नव्हतास म्हणून चिडलोय. हे दोन वेगळे राग आहेत, त्यांची गल्लत करू नकोस.

दादा


६ एप्रिल

धाकट्या,

आज तुला शिव्या देणार नाही, आज दुसऱ्यांची पाळी आहे.

साहेब पहिल्यांदा येऊन गेले तेव्हा मी दवाखान्यात होतो. तेव्हा खाली काय झालं, ते आता हळूहळू कळतंय. मुकादम त्यांना थेट खटक्यापाशी घेऊन गेला. खटका हाताने खाली पाडून दाखवला. पट्टा थांबला. लिहिलं, यंत्रणा चोख आहे. मधे उभं राहून दोरी ओढून बघावी, असं कुणी सुचवलं नाही.

मग साहेबांनी एकेकाला विचारलं, दोरीवर काही टांगता का? सगळ्यांनी कानावर हात ठेवले. डबे? कुठले डबे? त्या दिवशी म्हणे सगळे जेवायला बसले ते डबा मांडीत घेऊन, आणि उंदरांची अशी चंगळ झाली की विचारू नकोस. डबे काखेत धरून काखा वर कशा करायच्या, हे फक्त आपल्या पाळीलाच जमतं.

मला वाटलं, निदान पैलवान तरी बोलला असेल. काल त्याला बोलावून घेतलं. आला, बसला, चहाकडे बघत राहिला. मी सरळ विचारलं, "साहेबांना काय सांगितलंस?"

"मी आपला खिशात ठेवतो म्हणालो."

"डबा? खिशात?"

"घाबरलो रे. डबे टांगायचो म्हटलं तर सगळ्यांचीच नोकरी जाईल. मुकादम म्हणाला, ज्याने टांगला तो जबाबदार. घरात तीन पोरी आहेत माझ्या."

"आणि मी खोटारडा ठरलो, त्याचं काय?"

तेवढ्यात तुझी वहिनी आतून आली. तिने चहाचा कप त्याच्या पुढ्यातून उचलला आणि म्हणाली, "यांचा जीव वाचवायला धावलात, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण धावलात आणि मग पाठ फिरवलीत, हेही विसरणार नाही." पैलवान उठला. दारात चपला घालताना त्याला चपलांत पाय घालता येईनात. मला त्याची कीव आली आणि रागही आला. एकाच वेळी दोन्ही येतात हे या वर्षी कळलं.

तो गेल्यावर मनात आलं. सगळे दुष्ट असते तर सोपं होतं. सगळे घाबरलेत. तूही घाबरलास, तेही घाबरले. फक्त तू गाव सोडलंस आणि ते तिथल्या तिथे पळाले.

मी मात्र कुठेही जात नाही. आज जबाब पुन्हा लिहून काढला. ‘ख’ अजून नीट येत नाही, सारखा ‘रव’ होतो. येईल.

दादा


२४ एप्रिल

धाकट्या,

तुझं पार्सल मिळालं. वहिनीने उघडलं. आत जाड कागदात गुंडाळलेला टर्नबकल. दोन्ही टोकांना उलटसुलट आटे, मधली कडी फिरवली की तार ताणली जाते. तेल लावलेला, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. असं काम बाजारात मिळत नाही, हे तू स्वतः बनवलंयस. कागद उलटून पालटून बघितला. चिठ्ठी नाही.

टर्नबकल चांगला आहे. पण त्याला तोंड नाही, तुला आहे. आणि तो बसवायला दोन हात लागतात. पार्सल पाठवून सुटका होणार नाही, हे तुलाही कळत असणार. तरी सांगतो, वहिनीने तो टर्नबकल कपाटात तिच्या चांगल्या कपड्यांशेजारी ठेवलाय. तेलाचा डाग पडेल म्हटलं तर म्हणाली, पडू दे.

आता वाईट बातमी. दहाबारा दिवसांपूर्वी कचेरीतले ते गोड बोलणारे साहेब घरी आले. माझ्या जबाबात काय असणार, ते कंपनीला कळलं होतं. त्यांनी विषय फार अलगद काढला. म्हणाले, दोरी सैल होती असं तुम्ही म्हणता, तर ती सैल कुणी केली हेही लिहा. फिटर पळून गेलाय, म्हणजे त्याची चूक त्याला मान्यच आहे. त्याचं नाव घाला, आपण प्रकरण मिटवू, आणि तुम्हाला वर कचेरीत बसून करायचं काम देऊ. पंखा आहे, खुर्ची आहे.

मी विचारलं, डब्यांचं काय? ते म्हणाले, कसले डबे?

म्हणजे बघ. आधी मी दोरी ओढली नाही म्हणत होते. आता ओढली असेल, पण माझ्या भावाने सैल केली होती म्हणतात. रोलर कुणाचा? फोन कुणाचे? ‘काहीतरी कर’ कुणी म्हटलं? त्यातलं काही नाही. खुर्ची आणि पंखा. मी म्हणालो, खुर्चीत बसून मला झोप येते, तुम्ही या आता.

उगाच मर्दुमकी सांगत नाही. हलकं काम मला हवंच आहे, नको कशाला असेल? पण तुझ्या नावावर नको.

म्हणून मी ठरवलंय. जबाब वर कचेरीत देणार नाही, खाली दोरीपाशी देणार. तपासणी साहेबांना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, डॉक्टरने परवानगी दिली तर हरकत नाही. डॉक्टर नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. नाही म्हणाला. आता मी रोज जातो, त्याच्या दवाखान्याचा जिना चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि त्याच्या दारात उभा राहतो. परवा तो म्हणाला, "तुम्ही माझे पेशंट आहात की शेजारी?"

कमरेला दिव्याचा पट्टा एका हाताने बांधायचाही सराव करतोय. बक्कल भिंतीशी दाबून धरायचं आणि पोट आत घ्यायचं. दिवेमावशींनी जुना पट्टा सरावाला दिलाय. त्या म्हणाल्या, "मी बांधून देते की." मी म्हणालो, मावशी, तुम्ही बांधलात तर साहेब म्हणतील, याला पट्टा बांधता येत नाही, हा दोरी काय ओढणार.

दादा


११ मे

धाकट्या,

हे पत्र बसून वाच.

आज मी खाली जाऊन आलो. डॉक्टरने शेवटी सही दिली. मला बरं वाटलं म्हणून की त्याला कंटाळा आला म्हणून, ते विचारलं नाही. निघताना वहिनीने डबा भरून दिला. नेहमीचा, पोचा आलेला. झाकण दोनदा दाबून बघितलं.

खाली नेणाऱ्या पाळण्यात साहेब, त्यांचा एक मदतनीस, चलाचला आणि मी. पाळणा सुटला. जन्म गेला त्या पाळण्यात, कधी कठडा धरला नव्हता. आज तो धरून उभा राहिलो आणि मनात म्हटलं, पडलास तरी खालीच पडशील, तिकडेच जायचंय.

पाळी चालू होती. मला बघून फावडी थांबली. कुणी जवळ आलं नाही. दोरीवर एकही डबा नव्हता. साहेब येणार हे सगळ्यांना माहीत होतं. एकेकाचा डबा शर्टाच्या आत, पिशवीत, पायांमधे. पैलवान खांबामागे उभा होता, पण तो खांब रुंद थोडाच आहे?

साहेब म्हणाले, "बोला."

मी जबाबाचा कागद खिशातून काढला, आणि परत ठेवला. डबा घेतला, माझ्या जागेपाशी गेलो आणि दोरीवर टांगला. एका हाताने कडी अडकवायला वेळ लागला. सगळे बघत होते. डबा लटकला, दोरी किंचित खाली आली. पट्टा चालू.

साहेब शांत माणूस आहेत. ते म्हणाले, "हा तुमचा डबा झाला. एका डब्याने काय सिद्ध होतं?"

खरंच होतं ते. एका डब्याने काही सिद्ध होत नाही. चलाचला म्हणाला, "साहेब, बिचारा दुखण्यातून उठलाय. चला, चला, वर बोलू."

मी हललो नाही. काय करायचं पुढे, ते मला सुचत नव्हतं, हे तुला सांगतो. एवढे दिवस मी फक्त इथपर्यंतचा विचार केला होता. मी पाळीकडे बघितलं आणि म्हणालो, "मी दोरी ओढली होती. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय."

पट्ट्याचा खडखडाट तेवढा. मग खांबामागून पैलवान आला. शर्टातून डबा काढला. माझ्यापासून दोन जागा सोडून त्याची जागा, तिथे त्याने डबा टांगला आणि साहेबांना म्हणाला, "मी खिशात ठेवत नाही साहेब. इथे ठेवतो. पहिल्या दिवसापासून इथेच ठेवतो." आणि रडायला लागला. मोठा माणूस, धुळीने भरलेलं तोंड, त्यावरून दोन ओहोळ.

मग सुरू झालं. एक आला, दुसरा आला. एकेक कडी वाजत होती. प्रत्येकजण बरोबर आपापल्या जागेवर. दोरी खाली खाली आली आणि पट्टा चालूच राहिला. मी आयुष्यात खूप काही बघितलं, पण असं काही बघितलं नव्हतं. मला तेव्हा हंबरडा फोडावासा वाटत होता आणि मी दात आवळून उभा होतो.

दोन जागा रिकाम्या राहिल्या. एक माझ्या शेजारची. ती तुझी. तिच्यावर कुणी डबा लावला नाही, इतक्या दिवसांतही नाही. दुसरी अगदी सुरुवातीची. साहेबांनी तिथे बोट ठेवून विचारलं, "इथे का नाही?"

कुणीतरी मागून म्हणालं, "ती मुकादमांची."

सगळे चलाचलाकडे बघायला लागले. त्याच्या काखेत पिशवी होती. तो ‘चला चला’ म्हणाला, पण कुणी चाललं नाही. मग त्याने पिशवीतून तो चार पुडांचा डबा काढला आणि टांगला. म्हणाला, "सैल करायला मीच सांगितलं, साहेब. पट्टा थांबला की वरून फोन येतो. मी तरी काय करू?" धाकट्या, त्या माणसाला मी मनातल्या मनात कितीदा बुकललं असेल. पण तिथे उभा असलेला चलाचला नुसता दमलेला म्हातारा होता.

साहेबांनी मदतनिसाला मुख्य बटणापाशी पाठवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुठे धरली होती?" मी जागा दाखवली. त्यांनी स्वतः दोरी धरली आणि ओढली. दोरी आली. ओढत ओढत ते मागे सरकले, मागे सरकले, त्यांची पाठ भिंतीला टेकली. हातात दोरीचा झोळ, डबे पायाशी, आणि पट्टा आपल्या गतीने चाललेला. मग त्यांनी मदतनिसाला खूण केली आणि पट्टा बंद करायला लावला.

तिथेच त्यांनी हुकूम दिला. अहवालातलं ते वाक्य जाणार. अडकलेले सगळे रोलर बदलायचे. दोरी ताणायची, आणि रोज पाळीच्या आधी मधे उभं राहून ओढून बघायची. थांबला तर काम, नाही तर नाही. तोवर पट्टा बंद. डब्यांना वेगळी जागा करायची, आणि टांगले म्हणून कुणाची नोकरी जाणार नाही.

मी म्हणालो, दोरी ओढून बघायचं काम मला द्या. ते माझ्या बाहीकडे बघून घुटमळले. म्हणाले, "तुम्हाला जमेल?"

मी म्हणालो, "साहेब, पट्ट्यात सापडलेल्या माणसाला एकच हात मोकळा असतो. माझ्याने थांबला, तरच तो थांबतो म्हणायचा."

ते काम मला मिळालं. पंखा नाही, खुर्ची नाही.

आता तुझं. दोरी ताणायला माणूस पाहिजे. चलाचलाने दुसऱ्या खाणीतून फिटर मागवायचं काढलं होतं. मी सांगितलं, थांबा, आपला फिटर येतोय. त्यांना मी तारीख दिलेली नाही, पण शब्द दिलाय. तुला साहेबांपुढे उभं राहावं लागेल. सैल केली म्हणून सांगावं लागेल, कुणाच्या सांगण्यावरून तेही. बोलणी बसतील, कदाचित काही दिवस घरी बसवतील. साहेबांनी गोड आश्वासन दिलं नाही, मीही देत नाही. पण तुझ्या आधी सगळी पाळी बोलली आहे. तुला एकट्याला बोलायचं नाही.

टर्नबकल कपाटात आहे. एक हात माझ्याकडे आहे. ये.

दादा


९ जून, डब्याच्या झाकणाखाली

धाकट्या,

तू ही चिठ्ठी वाचतोयस, म्हणजे तू ताणलेली दोरी मी ओढली आणि पट्टा थांबला. नसता थांबला तर मी आज कुणालाच डबा उघडू दिला नसता, तुला तर नाहीच. दोरी पुन्हा ताणायला लावली असती आणि पुन्हा ओढली असती. तेव्हा निवांत जेव.

डबा जिथून काढलास तो आकडा नीट बघ. छताच्या खिळ्यातून आलेली तार आणि मधे उपडं झाकण, उंदराचा पाय घसरावा म्हणून. ही अक्कल तुझ्या वहिनीची. सगळ्या वस्तीतून जुन्या डब्यांची झाकणं तिने गोळा केली आणि पैलवानाच्या पोरींनी त्यांना भोकं पाडली. पैलवानाला तिने परवा चहा दिला, कप परत नेला नाही. तुझा आकडा माझ्या शेजारी आहे. दोरीवर कुणाचा डबा दिसला तर मी तो मालाबरोबर वर पाठवणार आहे, सख्ख्या भावाचा असला तरी.

काल गाडीतून उतरलास आणि सवयीने उजवा हात पुढे केलास. मग लक्षात आलं तसा तो मागेही घेता येईना तुला. मी माझा डावा त्यात दिला. पकड उलटीच बसली, पण तू सोडली नाहीस. सगळा रस्ता तू काही बोलला नाहीस आणि मीही नाही. साहेबांपुढे मात्र आज बोललास. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. नीट बोललास.

घरी आल्यावर उशाशी बसायचं बाकी आहे, ते बस. माझं दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही, रात्री नसलेली बोटं ठणकतात. तेव्हा कुणीतरी शेजारी लागतं.

पहिल्या पत्रात आशीर्वाद राखून ठेवले होते. ते घे. मनापासून आहेत.

तुझा दादा